गडाखालची पांढरी

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आडवी उभी आहे. तिच्या पायथ्याशी पाटणादेवीचे ठाणे आहे, जवळच यादवकाळातले दगडी महादेव मंदिर आहे, डोक्यावर कन्हेरगड आहे आणि गडाच्या कड्यात कोरलेली लेणी आहेत. रांग ओलांडली की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी लागतात. भाविक देवीला येतात, तरुण पोरे गड चढतात, लेण्यांना सहली जातात. याच परिसरातल्या पाटणे गावाजवळ मातीच्या थरांतून जे निघाले, ते मात्र या सगळ्यांपेक्षा कितीतरी जुने आहे. गड बांधणारे राजे, लेणी कोरणारे भिक्षू आणि शेतीचा पहिला दाणा पेरणारे लोक यांच्याही आधीपासून माणूस या डोंगराच्या सावलीत राहत होता.

खानदेशचा इतिहास सांगताना आपण बहुधा फारुकी सुलतानांपासून सुरुवात करतो. त्याआधी यादवांचा उल्लेख येतो, आणि मग थेट रामायण-महाभारतातल्या दंतकथा. मधली आणि आधीची हजारो वर्षे रिकामी राहतात. ती रिकामी नव्हती, हे १९५२ पासून पुढच्या चार दशकांत झालेल्या उत्खननांनी दाखवून दिले. शिवाय गड आणि मातीखालच्या वसाहती हे दोन वेगळे विषय नाहीत, हेही त्यांतून उमगते. पाणी कुठे आहे आणि वाट कुठून जाते, या दोनच प्रश्नांची उत्तरे शोधत प्रत्येक काळातल्या माणसाने इथे आपली जागा निवडली.

दोन डोंगरांमधली वाट

आधी भूमी नीट डोळ्यांसमोर आणू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातात. तापी मात्र अरबी समुद्राकडे वळते आणि सुरतेजवळ त्याला मिळते. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर, गोमाई या तिच्या उपनद्यांनी आणलेल्या गाळाची काळी जमीन या खोऱ्यात पसरली आहे.

या खोऱ्याला चारही दिशांनी दारे आहेत. पूर्वेला बुऱ्हाणपूर आणि असीरगडाजवळच्या खिंडीतून नर्मदेच्या आणि माळव्याच्या मुलखात जाता येते. उत्तरेला सेंधव्याचा घाट, पश्चिमेला कोंडाईबारीतून नवापूर आणि सुरत, दक्षिणेला औट्रम घाटातून कन्नड, देवगिरी आणि पुढे पैठण. गुजरात, माळवा, वऱ्हाड आणि गोदावरीचे खोरे या चारही मुलखांना जोडणारा चौक म्हणजे खानदेश. म्हणून इथे सापडणारे प्रत्येक खापर कुठल्या ना कुठल्या दिशेने आलेल्या माणसांची साक्ष देते.

तापीचे पात्र खोल आणि तिच्या दरडी उंच. तिचे पाणी शेतात वळवणे जुन्या काळी अवघडच होते. उपनद्यांचे पाणी मात्र हाताशी येणारे. पांझरेवर बंधारे घालून पाटाचे पाणी सामाईक शिस्तीने वाटून घेणारी फड पद्धत पुढे याच खोऱ्यात रुजली. हजारो वर्षे आधीच्या शेतकऱ्यांनीही आपली गावे अशाच लहान नद्यांच्या काठी किंवा संगमावर वसवली, ती याच कारणाने.

शहामृगाच्या कवचीवरची नक्षी

१९७२-७३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी पाटणे येथे उत्खनन केले. साळींनी त्याआधी धुळे जिल्ह्यातल्या नद्या-नाल्यांचे काठ पायाखाली घातले होते. नदीने कापलेल्या दरडीत गाळाचे थर उभे दिसतात, आणि कोणत्या थरात कोणत्या घडणीचे दगड येतात हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. पाटण्याला त्यांना अश्मयुगाच्या उत्तरार्धापासून सूक्ष्मास्त्रांच्या काळापर्यंतचा सलग क्रम मिळाला. माणसाची हत्यारे मोठ्या पात्यांकडून हळूहळू बोटाच्या पेराएवढ्या पात्यांपर्यंत कशी लहान होत गेली, ते एकाच जागी थरावर थर पाहता आले.

दगड कुठून आले, याचे उत्तर आजही या भागात फिरताना पायाखाली मिळते. दख्खनचा काळा पाषाण हा लाव्हारसाचा. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, अकीक, कॅल्सेडोनी, जास्पर असे कठीण, काचेसारखे फुटणारे दगड तयार झाले. मूळ खडक झिजला की हे खडे सुटे होऊन ओढ्यांत येतात. नेमका आघात केला की त्यांतून सुरीसारख्या धारेचे पाते निघते. हत्यारांसाठी लागणारा कच्चा माल असा पाण्याच्या शेजारीच मिळत होता. पाटण्याला माणसे पिढ्यान्‌पिढ्या परतून का येत राहिली, याचे हे एक मोठे कारण.

पण पाटणे जगभरच्या ग्रंथांत गेले ते दगडांमुळे नव्हे. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे तुकडे आणि त्यांचे मणी सापडले. एका तुकड्यावर दोन समांतर रेषांच्या मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची पट्टी कोरलेली आहे. कवचीच्या रेडिओकार्बन चाचणीतून सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा काळ निघाला. भारतात इतरत्र मिळालेल्या अनेक कवच्यांवरचे ओरखडे निसर्गाने केलेले असल्याचे अभ्यासकांनी पुढे दाखवले, पण पाटण्याच्या तुकड्यावरची नक्षी माणसाच्या हातची म्हणून मान्य झाली. भारतीय उपखंडातल्या अगदी जुन्या कलाकृतींत तिची गणना होते.

हा तुकडा क्षणभर हातात धरल्याची कल्पना करा. कवची जाड, गुळगुळीत, फिकट रंगाची. तिच्यावर अणकुचीदार दगडाने आधी दोन रेषा ओढायच्या, मग त्यांच्या मर्यादेत राहून तिरक्या रेषा भरायच्या. हात घसरला तर कवची तडकणार. शिकार, कंदमुळे आणि ऊन-पाऊस यांत दिवस काढणाऱ्या कुणीतरी या कामासाठी वेळ काढला. पोट भरण्याशी या कामाचा काहीही संबंध नव्हता.

शहामृग आणि खानदेश? आज हे ऐकून नवल वाटते. पण २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशात मिळालेल्या प्राचीन कवच्यांमधून डीएनए मिळवला आणि ते पक्षी आफ्रिकी शहामृगाचेच जवळचे नातलग होते हे सिद्ध केले. शहामृग मोकळ्या गवताळ माळावर राहणारा पक्षी. त्या काळात पृथ्वीवर हिमयुग होते, इथले हवामान आजच्याहून कोरडे होते, आणि आज जिथे कापूस आणि केळी उभी आहे तिथे दूरवर गवताळ माळ पसरलेले असणार. हवामान बदलले, शहामृग नाहीसे झाले, माणूस मात्र टिकला.

पहिले शेतकरी : कावठे आणि सावळदे

त्यानंतरचा मोठा बदल सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. या काळात खानदेशात शेती आणि पशुपालन करणारी, तांबे जाणणारी, चाकावर भांडी घडवणारी माणसे दिसू लागतात. त्यांच्या विशिष्ट भांड्यांना आणि पर्यायाने त्या संस्कृतीला नाव मिळाले ते तापीकाठच्या सावळदे या गावाचे. लालसर किंवा तपकिरी मुलामा, त्यावर काळ्या रंगाची चित्रे, आणि चित्रांत भौमितिक नक्षीसोबत प्राणी, पक्षी, मासे, बाणांची टोके, काटेरी भाल्यांसारखी शस्त्रे. भांड्यावर शस्त्र रंगवण्याची ही आवड महाराष्ट्रातल्या इतर ताम्रपाषाणकालीन भांड्यांत सहसा दिसत नाही. शेतीला लागूनही शिकार आणि मासेमारी या लोकांच्या मनातून गेली नव्हती.

हे लोक राहत कसे होते, याचे उत्तर साक्री तालुक्यातल्या कावठे येथे मिळाले. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी तिथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. कान नदी पांझरेची उपनदी. तिच्या काठी ही वसाहत बऱ्याच मोठ्या क्षेत्रावर पसरलेली होती, पण तिचा थर मात्र पातळ निघाला. जमिनीत गोल खड्डे खणून, भोवती खांब रोवून, वर गवताचे छप्पर घातलेली घरे हे लोक बांधत होते. विस्तार मोठा आणि थर पातळ, याचा अर्थ असा की लोक पुष्कळ होते, पण एका जागी फार काळ टिकले नाहीत. गुरे-मेंढरे पाळणारी, थोडीफार शेती करणारी आणि पुढे सरकणारी ही माणसे असावीत, असा निष्कर्ष उत्खनकांनी काढला.

साक्रीचा तो पट्टा अवर्षणाचाच. आजही धनगरांची खिल्लारे पावसाच्या अंदाजाने तिथून ये-जा करतात. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांचे आणि आजच्या मेंढपाळांचे रक्ताचे नाते जोडायला आपल्याकडे पुरावा नाही आणि तसे जोडूही नये. पण भूमी जगण्याची जी रीत सुचवते, ती फारशी बदललेली नाही.

सावळदे संस्कृतीचे लोक दक्षिणेकडेही गेले. प्रवरेकाठच्या दायमाबादला सर्वांत खालच्या थरात त्यांचीच भांडी मिळाली. त्यांच्यानंतरच्या थरात उत्तर हडप्पा संस्कृतीच्या खुणा आल्या, आणि १९७४ मध्ये तिथेच एका भिल्ल शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार ब्राँझच्या भव्य मूर्ती मिळाल्या. दायमाबादचे पुढचे उत्खनन १९७५ ते १९७९ या काळात साळींनीच केले. सिंधू संस्कृतीची मोठी नगरे ओस पडत असताना तिथले काही लोक गुजरातमार्गे तापीच्या खोऱ्यात उतरले आणि इथून गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचले, हे तापीकाठच्या उत्तर हडप्पा वसाहतींवरून समजते. त्यांचाही रस्ता खानदेशातूनच गेला.

बहाळ, टेकवाडे आणि प्रकाशे

खानदेशातले पहिले शास्त्रीय उत्खनन याआधीच झाले होते. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकळिया यांनी जोर्वे आणि नाशिक येथे खणून महाराष्ट्राला ताम्रपाषाणयुग आहे हे दाखवले, आणि पुरातत्त्वज्ञांचे लक्ष दख्खनकडे वळले. तोवर शिलालेख, नाणी आणि लेणी यांच्यापलीकडे इथे काही असेल असे फारसे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

१९५२ मध्ये म. न. देशपांडे यांनी चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळ येथे गिरणेच्या काठी कुदळ मारली, आणि १९५६-५७ मध्ये ते पुन्हा तिथे आले. गिरणेच्या काठावर बहाळची पांढरी उंच उभी होती. खानदेशातल्या माणसाला पांढरी म्हणजे काय हे सांगायला नको. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे बांधली, पडली, त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुन्हा बांधली, चुलीची राख आणि शेण-गवत मिसळत गेले, की गावाखालची जमीन उंचावत जाते आणि तिचा रंग पांढुरका होतो. ही पांढरी उभी कापली की गावाचे आयुष्य खालून वर वाचता येते.

बहाळला अगदी तळाशी जाड, घोटून गुळगुळीत केलेली राखी भांडी आली. त्यांच्यावर काळ्या नक्षीची लाल भांडी, आणि त्यानंतर जोर्वे घडणीची. आणखी वर लोखंडाचा काळ, मग सातवाहनांचा, मग यादवांचा. नदीच्या समोरच्या काठावर टेकवाडे येथे देशपांडे यांना चार दफने मिळाली. त्यांतली तीन मडक्यांत होती आणि एक खड्ड्यात. गाव एका काठाला आणि स्मशान दुसऱ्या काठाला.

१९५५ मध्ये बी. के. थापर यांनी प्रकाशे येथे काम केले. प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेशात होते, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आले. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे क्षेत्र भाविकांना दक्षिणकाशी म्हणून ठाऊक आहे. तिथल्या टेकाडात थापर यांना चार कालखंड मिळाले. तळचा ताम्रपाषाणयुगाचा, त्यावर लोखंडाचा, मग सातवाहनांपासून पुढचा आणि शेवटी पूर्वमध्ययुगाचा. देशपांडे आणि थापर हे दोघेही पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. म्हणजे देशाच्या पुरातत्त्वाची धुरा वाहणाऱ्या दोन माणसांनी उमेदीच्या काळात खानदेशची माती चाळली होती.

प्रकाश्याच्या तळच्या थरात खानदेशचे चौकपण जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. आधी माळव्याकडची भांडी येतात, फिकट नारिंगी मुलाम्यावर गडद नक्षी असलेली आणि जरा भरड. त्यानंतर जोर्वे भांडी. ती पातळ, चांगली भाजलेली आणि तोटी असलेली. जोर्व्याच्या खापराला बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. भट्टीचा जाळ किती तेज ठेवायचा आणि किती वेळ, हे त्या कुंभाराला नेमके कळत होते. आणि याच थरात गुजरातेतली चकचकीत लाल भांडीही मिळतात. उत्तरेकडून, दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून आलेल्या तीन परंपरा तापीच्या एका संगमावर एकत्र आल्या होत्या.

या लोकांच्या जगण्याचे सविस्तर चित्र आपल्याला पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातून मिळते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी तिथे बरीच वर्षे खणाई केली. जव आणि डाळी पिकवायच्या, गुरे पाळायची, तांबे दुर्मीळ म्हणून रोजच्या कामाला गारगोटीचीच पाती वापरायची. लहान मूल दगावले की दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आपले लेकरू घराबाहेर एकटे पडू नये, असेच त्या आईबापांना वाटत असणार.

ओस गावे आणि नवी वाट

इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीपासून ही गावे एकेक करून ओस पडू लागली. प्रकाश्याला ताम्रपाषाणयुग आणि लोहयुग यांच्यामध्ये खंड दिसतो. पाऊसमान घटले, शेती परवडेनाशी झाली आणि लोक पुन्हा भटक्या पशुपालनाकडे वळले, असे ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. दुष्काळाने गाव उठण्याचा अनुभव खानदेशाला नवा नाही, त्यामुळे हे म्हणणे इथल्या माणसाला सहज पटते.

लोखंड आल्यावर चित्र पालटले. लोखंडाच्या फाळाने जड काळी जमीन नांगरता येऊ लागली, वस्ती पुन्हा वाढली आणि जुन्याच पांढऱ्यांवर नवी गावे उभी राहिली. सातवाहनांच्या काळात पैठण ही दख्खनची मोठी पेठ होती आणि भरुच हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण भरुचपासून वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे आणि तिथला माल गाड्यांतून बंदरावर येत असल्याचे नोंदले आहे. पैठणहून उत्तर-पश्चिमेला निघालेल्या तांड्याला सातमाळा उतरूनच पुढे जावे लागे.

पितळखोऱ्याची लेणी याच उताराच्या तोंडाशी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यांची कोराई सुरू झाली. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांमध्ये पैठणच्या एका अत्तराच्या व्यापाऱ्याचे नाव आहे, आणि तिथे मिळालेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कान्हदास, व्यवसायाने सोनार. ही मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनमधल्या एका कारागिराचे नाव आपल्याला माहीत आहे, ते या घाटवाटेमुळे. लेण्यांना दान देणारे व्यापारी या वाटेने जात होते आणि भिक्षूंचा निवारा त्यांच्याही मुक्कामाला उपयोगी पडत होता.

डोंगर हाती घेतला तो गडांनी

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. युरोपात लोहयुगात, इसवी सनापूर्वीच टेकड्यांभोवती खंदक आणि मातीचे तट घालून वसवलेले प्राचीन डोंगरी किल्ले आहेत. खानदेशातले गड तसे नाहीत. आज दिसणारे तट, बुरूज, दरवाजे आणि टाकी ही मध्ययुगाची आणि त्यानंतरची. त्याआधी हे डोंगर बहुधा लेणी कोरणाऱ्यांच्या आणि साधकांच्या ताब्यात होते. कन्हेरगडाच्या कड्यातली नागार्जुन लेणी, सीतेची न्हाणी, शृंगारचावडी ही त्याची साक्ष. साक्री तालुक्यातल्या भामेरच्या डोंगरातही खडक पोखरून केलेल्या दालनांची रांग आहे. पुढे त्याच कातळांवर किल्लेदारांनी तट चढवले आणि कोरीव दालनांचा उपयोग पहाऱ्यासाठी, साठवणीसाठी करून घेतला.

यादवकाळात पाटणे हे विद्येचे ठिकाण होते. या मुलखावर यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची सत्ता होती. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून इथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ राजा सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराला, त्याला दान दिले. हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. मठाचा खर्च चालावा म्हणून बाजारातल्या व्यवहारांतला हिस्सा आणि तेलघाण्यांकडचे तेल किती द्यायचे, याची तरतूद त्यात आहे. रात्री दिवा लावून भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकायचा तर तेल कुठून येणार, याचीही चिंता दान देणाऱ्यांनी केली होती. पुढे १२२२ मध्ये भास्कराचार्यांच्याच घराण्यातल्या अनंतदेवाने बहाळला भवानीचे मंदिर बांधले. ज्या बहाळच्या पांढरीत तळाशी ताम्रपाषाणयुगाची खापरे आहेत, तेच हे बहाळ.

यादवांनंतर राज्य बदलले, पण ठाणी त्याच वाटांवर राहिली. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंदचा मुलूख जहागीर मिळाला. १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला. थाळनेर तापीच्या काठावर, उताराच्या जागी. मलिक राजाने मरताना थोरल्या मुलाला, नसीरला लळिंग दिला आणि धाकट्याला थाळनेर. लळिंग आज मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या दक्षिणेला लागतो. मोटारीतून जाणाऱ्याला तो डोंगरावरचा तट नजरेआड करता येत नाही, आणि गडावरच्या पहारेकऱ्यालाही खालचा रस्ता नजरेआड करता येत नव्हता. नसीरखानाने पुढे गडाचा धनी आसा अहीर याच्याकडून कपटाने असीरगड घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. फारुकींचे राज्य दोनशे वर्षांहून अधिक टिकले. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला आणि ते संपले.

शेवटचा प्रसंग पुन्हा थाळनेरचा. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश ईस्ट इंडिया कंपनीला दिला. जनरल हिस्लॉपची फौज २७ फेब्रुवारीला थाळनेरसमोर आली. किल्लेदार तुळशीराम याच्याशी बोलणी चालू असताना दरवाज्यात गोंधळ झाला आणि आत शिरलेले काही इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यावर फौजेने आत शिरून सुमारे तीनशे जणांच्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदाराला फाशी दिले. या कत्तलीवर पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न उपस्थित झाले. त्यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि गडांचे लष्करी महत्त्व संपले. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. चाळीसगाव-कन्नड घाटाला त्याचेच नाव पडले.

काय हाती लागले, काय निसटते आहे

या सगळ्या शोधांनी इतिहासाचे चित्र बदलले. खानदेश हा कुणाच्या तरी राज्याचा काठावरचा सुभा, अशी समजूत होती. तापीखोरे हे महाराष्ट्रातल्या शेतीचे एक प्रवेशद्वार होते, हे आता सिद्ध आहे. माळव्याहून, गुजरातेतून आणि सिंधूच्या उतरत्या नगरांकडून आलेले लोक आधी इथे थांबले, इथे जगणे शिकले आणि मग गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत उतरले. इनामगाव-दायमाबादची कथा खानदेश वगळून सांगता येत नाही.

पण जे हाती लागले ते थोडे. बहाळ, प्रकाशे, कावठे, पाटणे अशी मोजकी ठिकाणे नीट खणली गेली, आणि तीही अंशतःच. बाकीच्या पांढऱ्या वर्षागणिक झिजताहेत. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर घालायला चांगली म्हणून पूर्वीपासून उकरली जाई, पण ती टोपलीने. आता जेसीबी लागतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात. चार हजार वर्षांचा थर एका दुपारी भराव म्हणून रस्त्याखाली जातो. नद्यांतून होणारा वाळूउपसाही काठांच्या दरडी ढासळवतो, आणि अश्मयुगाचे पुरावे असतात ते नेमके त्याच दरडींत.

गडांना निदान वाली मिळाला आहे. दुर्गप्रेमी मंडळी टाकी साफ करतात, दरवाज्यांवरची झाडे काढतात, दिवाळीत गडांवर दिवे लावतात. हे काम मोलाचे आहे. तीच माया गडाखालच्या पांढरीला मिळाली पाहिजे. तिच्यावर बुरूज नाही, भगवा नाही, फोटो काढण्यासारखे काही नाही. पण गड बांधणाऱ्या माणसांना दाणापाणी पुरवणारी गावे तिच्यावरच उभी होती, आणि गडांच्या कितीतरी आधीच्या माणसांची स्मृती तिच्याच पोटात आहे. गड वाचवायचा आणि पांढरी विकायची, ही इतिहासाची अर्धवट राखण झाली.

धुळ्यात वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि लगेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव हिंडून, दप्तरे गोळा करून इतिहास जपायचा हा या जिल्ह्याचा वारसा आहे. कागदांसाठी जे झाले ते मातीसाठीही करता येईल, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या जुन्या पांढऱ्यांची नोंद करावी आणि तिथून भराव उचलण्यास मनाई करावी. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना गावाबाहेरच्या टेकाडावर एकदा तरी न्यावे. शेतात नक्षीदार खापर, दगडी पाते, मण्यांचा पुंजका किंवा मडक्यातली हाडे आढळली तर खणत पुढे जाऊ नये. जागा आणि खोली लिहून ठेवावी, जसे आहे तसे छायाचित्र काढावे आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. वस्तू उचलून घरी नेली की तिच्यासोबतचा थर सुटतो, आणि थर सुटला की ती मुकी होते.

पाटण्याच्या कवचीवर नक्षी कोरणाऱ्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही. पण त्याने निवडलेली भूमी आज आपल्या हवाली आहे. ती राखायची की भरावात घालायची, याचा निर्णय जळगाव आणि धुळ्याच्या गावांनीच घ्यायचा आहे, आणि तो लवकर घेतला पाहिजे.